जुनं लेथ की सीएनसी, पर्यावरणाला महाग काय?

भोसरी-चाकणला आता छोट्या वर्कशॉपमधेपण सीएनसी (कंप्युटरच्या प्रोग्रामवर धातू कापणारं मशीन) आलंय, सेल्सवाला 'ग्रीन' म्हणून गळ्यात मारतो आणि त्यात थोडं तथ्य आहेच, प्रोग्राम नीट सेट झाला की प्रत्येक जॉबचं (बनवायच्या पार्टचं) माप सारखं, रिजेक्शन कमी, मटेरियल कमी वाया जातं. लेथवर (धातू गोल फिरवून कापायचं साधं मशीन) सगळं ऑपरेटरच्या हातावर.

पण काम नसताना बघा. लेथचा स्विच बंद केला की विषय संपला, सीएनसी मात्र चालू ठेवून नुसतं उभं असलं तरी हायड्रॉलिक पंप, सर्व्हो ड्राइव्ह (मोटरी हलवणारे कंट्रोल), पॅनेलचे पंखे वीज खात बसतात, आणि आपली वीज मुख्यतः कोळशाचीच ना.

खरी गोम आयुष्याची. जुनं एचएमटीचं लेथ मोटर रिवाइंड करून, बेड (ज्यावर मशीनचे भाग सरकतात तो पाया) ग्राइंड करून वर्षानुवर्षं चालतं. सीएनसीची बिडाची बॉडी ठणठणीत असते पण कंट्रोलरचं कार्ड (मशीन चालवणारा सर्किट बोर्ड) गेलं आणि ते मॉडेल बंद झालं असेल तर चांगलं मशीनपण भंगारात जाऊ शकतं, कार्ड ई-कचऱ्यात (नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, पाळतो कोण ते विचारू नका).

मोठी बॅच असेल तर सीएनसीच घ्या, रिपेअरच्या सुट्या कामाला लेथ पुरतं. आणि घेतलंच तर कार्डं किती वर्षं मिळतील ते लेखी घ्या.