ट्रान्सवेल इन्सर्ट (१२ मिमी, पॉलिएस्टर, ०.४ मायक्रॉन): केशवाहिनीची गळती मोजायला कितपत कामाचा?

ट्रान्सवेल इन्सर्ट म्हणजे सच्छिद्र पडद्याचा तळ असलेली छोटी वाटी; ती मोठ्या खळग्यात बसते आणि पडद्यावर पेशी वाढवतात. एंडोथेलियल पेशींचा (रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराच्या पेशींचा) थर किती गळतो हे पाहायचं असेल, तर कॉर्निंगच्या या इन्सर्टचा पडदा पॉलिएस्टरचाच घ्या. पॉलिकार्बोनेटला दर चौरस सेंटिमीटरला १० कोटी छिद्रं, पॉलिएस्टरला ४० लाख. म्हणून पॉलिकार्बोनेट धुरकट दिसतो. थर भरला की नाही, हे फेज काँट्रास्ट सूक्ष्मदर्शकाखाली कळत नाही. पॉलिएस्टरवर फरशा बसवाव्यात तशा पेशी कडेला कड लावून दिसतात. ३ मायक्रॉनच्या छिद्रांच्या नादी लागू नका, पेशी छिद्रांतून खाली उतरतात.

आधी फायब्रोनेक्टिनचा, म्हणजे पेशींना चिकटायला मदत करणाऱ्या प्रथिनाचा, लेप. मग वर ०.५ मिली, खाली १.५ मिली माध्यम (पेशी वाढवायचा पोषक द्रव). हे प्रमाण दोन्हीकडची पातळी सारखी राहावी म्हणून आहे. वर जास्त ओतलंत तर नुसत्या दाबानं डेक्स्ट्रॅन (गळती मोजायला वर घालायची मोठ्या रेणूंची शर्करा) खाली जातं आणि ते गळती म्हणून वहीत चढतं. इन्सर्ट तिरका करून सोडा, नाहीतर पडद्याखाली बुडबुडा अडकतो. पिपेटचं टोक बाजूच्या भिंतीला टेकवा. पडद्याला ओरखडा गेला की तो इन्सर्ट बाद.

वर ७० किलोडाल्टनचं एफआयटीसी-डेक्स्ट्रॅन, म्हणजे एफआयटीसी हा चमकणारा रंग जोडलेलं डेक्स्ट्रॅन. खालून दर वेळी १०० मायक्रोलिटर काढलं की तेवढंच माध्यम परत घाला. पेशी नसलेला एक इन्सर्ट आणि थ्रॉम्बिन (रक्त गोठवणारं विकर) दिलेला एक, हे दोन हवेतच. थ्रॉम्बिननं अर्ध्या तासात पेशींमध्ये फटी पडून आकडा चढायला हवा. नाहीच चढला, तर थर बहुधा आधीपासूनच फाटका. डेक्स्ट्रॅन जुनं असेल तर सुटा झालेला एफआयटीसी भरभर खाली जातो, तेही तपासा.

टीईईआरसाठी (पेशींच्या थराचा विद्युत रोध) रिकाम्या इन्सर्टचा रोध वजा करून पडद्याच्या क्षेत्रफळानं, म्हणजे १.१२ चौरस सेंटिमीटरनं गुणा. ह्युवेक या नेहमी वापरल्या जाणाऱ्या एंडोथेलियल पेशींवर मात्र त्यात फारसा अर्थ नाही: थराचा रोध इतका कमी, की इलेक्ट्रोड जरा कलला तरी फरक बुडतो. शिवाय ह्युवेक नाळेच्या शिरेतल्या, म्हणजे मोठ्या वाहिनीच्या. सूक्ष्मवाहिन्यांबद्दल बोलायचं तर त्वचेच्या किंवा मेंदूच्या सूक्ष्मवाहिन्यांतल्या पेशी घ्या.

खरी उणीव पडद्यातच आहे. तो १० मायक्रॉन जाड. केशवाहिनीची भिंत बऱ्याच ठिकाणी अर्धा मायक्रॉनसुद्धा भरत नाही. खालच्या बाजूला पेरिसाइट (केशवाहिनीला बाहेरून बिलगणाऱ्या पेशी) वाढवता येतात, पण तिथून एंडोथेलियमपर्यंत पोचायला त्यांना ०.४ मायक्रॉनच्या लांबलचक बोगद्यातून हात घालावा लागतो. प्रवाह नाही, त्यामुळे ग्लायकोकॅलिक्सही (पेशींवरचा शर्करायुक्त थर) तुटपुंजा. दोन औषधांची तुलना करायला इन्सर्ट उत्तम. इथला आकडा प्राण्यातल्या आकड्याशेजारी मांडू नका.