एकच भूप, दोन रेकॉर्डी

भाच्याने टर्नटेबल घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन केला. "मामा, सध्या शास्त्रीयची एकच एलपी घ्यायची आहे. 'कॉल ऑफ द व्हॅली' घेऊ की किशोरीताई आमोणकरांची भूप-बागेश्री?" दोन्ही माझ्या कपाटात आहेत, आणि खरं सांगायचं तर दोन्ही कित्येक महिने बाहेरच निघाल्या नव्हत्या. उत्तर देण्याआधी त्या ऐकायला हव्यात म्हणून शनिवारी दुपारी काढल्या. सोयीची गोष्ट म्हणजे भूप हा राग दोन्हींवर आहे. तुलना तिथूनच सुरू केली.

'व्हॅली' १९६७ सालची. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, ब्रिजभूषण काब्रांची गिटार, तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या अहिर भैरवापासून रात्रीच्या पहाडीपर्यंत, अशी कल्पना आहे. यातला भूप झपताल नावाच्या तालातला, जेमतेम साडेसहा मिनिटांचा. एक वाद्य ओळ टाकतं, दुसरं उचलतं, आणि राग पुरता उलगडायच्या आत पुढचा राग, देस, सुरूही होतो. म्हणून तो कमी म्हणू नका. राग म्हणजे काय हे ज्याला ठाऊक नाही, त्याला या साडेसहा मिनिटांत भूपाची चाल गुणगुणण्याइतकी पाठ होते. आमच्या घरी तरी तसंच झालं.

किशोरीताईंचा भूप एलपीची एक अख्खी बाजू व्यापतो. आधी विलंबित, म्हणजे संथ लयीतलं 'प्रथम सुर साधे', मग द्रुत, म्हणजे जलद लयीतलं 'सहेला रे'. 'सहेला रे' सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं, पण बहुतेकांनी ते सुटं ऐकलेलं असतं. एलपीवर त्याच्याआधीचा विलंबित ऐकावाच लागतो. सुई उचलून पुढे ठेवायचा कंटाळा येतो म्हणून का होईना. सात स्वरांपैकी भूपात मध्यम (म) नाही, निषाद (नी) नाही, उरतात पाचच. किशोरीताई त्यातल्या गंधारावर (ग) असा काही मुक्काम करतात की द्रुत येईपर्यंत तो गंधार आपल्या ओळखीचा झालेला असतो. मग 'सहेला रे'चं पहिलं बोलावणं वेगळंच ऐकू येतं. ही गंमत 'व्हॅली'त नाही, आणि तिथे कोणी ती शोधूही नये.

दुसरी बाजू बागेश्री रागाची. तिच्याबद्दल मी निष्पक्ष नाही, तेव्हा पुढे जाऊ.

आता रेकॉर्डीबद्दल. भाच्याला म्हटलं, जुनी प्रत घेणार असशील तर निम्मा निर्णय संगीतावर नसून त्या विशिष्ट तबकडीवर असतो. विलंबित ख्यालात आवाज आणि तानपुरा यांच्यामध्ये भरपूर मोकळी जागा असते, आणि त्या जागेत प्रत्येक टिकटिक ऐकू येते. किशोरीताईंची चरे पडलेली प्रत म्हणजे शिक्षा आहे. 'व्हॅली'त तीन वाद्यं आणि तबला सतत चालू असल्यामुळे थोडी खरखर खपून जाते. पण तिचंही एक दुखणं आहे. एलपी मिनिटाला ३३⅓ फेऱ्या मारते, बाहेर असो की आत. आतली वर्तुळं मात्र लहान, त्यामुळे शेवटच्या गाण्यात सुईखालून खाच बाहेरच्या मानाने जवळपास निम्म्या वेगाने सरकते आणि तेवढ्याच आवाजाला जागा कमी पडते. पहाडी नेमका तिथे, लेबलाला चिकटून. संतुराचे टोकदार आघात घासलेल्या खाचेत फाटल्यासारखे वाजतात. माझ्या प्रतीवर ते तसेच वाजतात, आणि दोष माझाच आहे: कॉलेजच्या काळात ती मी जड सुईच्या सूटकेस प्लेअरवर झिजवली.

दुकानात पाहताना कव्हरला भुलू नकोस. तबकडी दिव्याखाली तिरकी धर, म्हणजे चरे दिसतील. मग लेबलाच्या मधल्या भोकाकडे पाहा. भोकाभोवती केसासारख्या बारीक रेघांचं जाळं असेल तर ती तबकडी पुष्कळ वेळा प्लेअरवर चढली आहे, दुकानदार काहीही म्हणो. एचएमव्ही या कंपनीच्या रेकॉर्ड-क्रमांकात ईसीएसडी असेल तर स्टिरिओ, ईएएलपी असेल तर मोनो. पावसाळ्यातली पांढरी बुरशी बहुतेक वेळा धुऊन जाते, चरे जात नाहीत. धुताना डिस्टिल्ड पाणी आणि त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. पण तेच मिश्रण आजोबांच्या, मिनिटाला ७८ फेऱ्या मारणाऱ्या जुन्या तबकड्यांना लावू नकोस, त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलने खराब होतात.

मध्येच ताईने, म्हणजे भाच्याच्या आईने, तिसरं नाव सुचवलं: भीमसेनजींचे अभंग. 'राजस सुकुमार' लागलं की घर भरतं हे खरंच. पण सुटी सुटी गाणी फोनवरही चांगली ऐकता येतात. एलपीची मजा सलग वीस मिनिटांत आहे. तेव्हा ते नंतर.

शेवटी भाच्याला सांगितलेलं माझं मत असं. जेवणाच्या टेबलापाशी, येणाऱ्याजाणाऱ्यांत, गप्पांच्या मागे वाजवायची असेल तर 'व्हॅली' घे, आणि साधारण प्रत असली तरी घे. ती पुष्कळ घरांत होती, त्यामुळे दुसरी मिळेल. एकटा बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून ऐकणार असशील तरच किशोरीताई, आणि तीही स्वच्छ प्रत मिळेपर्यंत थांबून. तू थांबणाऱ्यातला नाहीस, हे मला माहीत आहे.

म्हणून रविवारी तो आला तेव्हा त्याला माझी 'व्हॅली' दिली, फाटक्या पहाडीसकट. किशोरीताईंकडे बोट दाखवून त्याने विचारलं, "ही?" मी म्हटलं, ही ऐकायला इथे यायचं.