गुहेतल्या आंधळ्या ॲसेलसची उपप्रजाती ठरवायचीय: मायक्रोस्कोप की डीएनए?

'दोन्ही करा' हे उत्तर सगळेच देतात, पण फंड एकापुरताच असतो ना, म्हणून कुठे आधी खर्च करायचा ते सांगतो. ॲसेलस ॲक्वॅटिकस घ्या, खेकडा-कोळंबीच्या लांबच्या भावकीतला सेंटीमीटरभर प्राणी, युरोपात डबक्यातल्या कुजक्या पानांत सापडतो, रंग करडा-तपकिरी, डोळे शाबूत. स्लोव्हेनियात पोस्तोयना-प्लानिनाच्या गुहांमध्ये पिव्का नदी गडप होते तिथे हाच पांढरा, आंधळा, लांब अँटेनांचा झालाय, जीवशास्त्रज्ञ राकोवित्साने 1925 मध्ये त्याला कॅव्हर्निकोलस म्हटलं. रोमानियात मोविले गुहेच्या भागातल्या गंधकाच्या पाण्यातला फिकट झालेला तो इन्फर्नस, नाव 1998 चं.

मायक्रोस्कोप स्वस्त, शिवाय म्युझियमच्या जुन्या फॉर्मलिनमधल्या नमुन्यांवरही चालतो जिथे डीएनए बहुतेक वेळा हाती लागत नाही. पण गंमत अशी की डोळे आणि रंग, म्हणजे जे आधी नजरेत भरतं तेच सगळ्यात फसवं, अंधारात ते कुठल्याही वंशात जातं. कॅव्हर्निकोलस आणि इन्फर्नस एकमेकांकडून आलेले नाहीत, दोघे आपापल्या गावी वेगवेगळे फिके पडले. अँटेनाचं तर विचारूच नका, तुटून परत उगवलेली आखूड असते, मी एकदा दोन दिवस लांबी मोजत बसलो आणि मग हे लक्षात आलं 😑 मोजायचंच तर मोठ्या नरांचा दुसरा प्लिओपॉड, म्हणजे पोटाखालच्या पायांची दुसरी जोडी, आधी बघा.

सीओआय बारकोड, म्हणजे मायटोकॉन्ड्रियातल्या एका जीनचा 658 अक्षरांचा डीएनए तुकडा, झटपट वंश दाखवतो, पण फक्त आईकडचा. त्यात क्रस्टेशियनमध्ये (खेकडे-कोळंबीचा हा सगळा गट) त्या जीनच्या बाद झालेल्या नकला न्यूक्लियसमध्ये पडून असतात, त्या वाचल्या गेल्या की नसलेल्या प्रजाती उगवतात.

माझं मत विचाराल तर बारकोडचे पैसे थोडे कापून मायक्रोसॅटेलाइटवर (न्यूक्लियसच्या डीएनएमधल्या, आई-बाप दोघांकडून येणाऱ्या खुणा) घाला, कारण खरा प्रश्न एवढाच की गुहेतले बाहेरच्या शेजाऱ्यांत मिसळतात का. लॅबमध्ये मिसळतात, 2011 च्या पेपरात प्लानिना गुहेतल्यांचा बाहेरच्यांशी संकर करूनच डोळे-रंगाला जबाबदार जीनच्या जागा शोधल्यात. पण प्रत्यक्षात वाट मोकळी असूनही फारसे मिसळत नाहीत, आणि उपप्रजाती म्हणायला मला हे वजनदार वाटतं. आणि हो, नवीन नाव देताना 'व्हरायटी' लिहू नका, 1960 नंतरचं तसं नाव प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमात धरतच नाहीत.

नमुने गुहेतच 96 टक्के अल्कोहोलमध्ये टाका, डीएनएसाठी एका बाजूचा एखादा पाय काढा, बाकी धड टाइपसाठी, म्हणजे नव्या नावाचा आधार ठरणारा नमुना म्हणून, अख्खं ठेवा.