जुन्या पॉप सिंगल्ससाठी १० पटीचं भिंग, बरेच महिने वापरून झाल्यावर

सराफ डोळ्याला लावतो ना तसलंच भिंग आहे हे, १० पट, स्टीलच्या कव्हरात घडी होऊन बसणारं आणि बाजूला दोन बारके एलईडी. घेतलं ते एकाच कामासाठी. सिंगल म्हणजे एका बाजूला एकच गाणं असलेली ७ इंची, ४५ आरपीएमची (मिनिटाला ४५ फेरे) छोटी रेकॉर्ड. तिच्यावर गाणं संपल्यावर लेबलच्या आधी जी गुळगुळीत पट्टी राहते, जिला सगळे डेड वॅक्स नाहीतर रनआउट म्हणतात, तिथले आकडे वाचायला. मी पश्चिम लंडनला राहतो, हेज इथून जवळच, आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीचा कारखाना हेजलाच होता. बीटल्सच्या, ईएमआयच्याच पार्लोफोन या लेबलवरच्या सिंगल्स जिथे निघाल्या त्या गावात मी शनिवारी भाजी आणायला जातो, याची अजून गंमत वाटते. कारखान्याच्या जागेवर आता फ्लॅट उभे राहिलेत, पण आजूबाजूच्या चॅरिटी शॉप्समध्ये आणि कार बूट सेलला, म्हणजे गाडीच्या डिकीतून जुना माल विकतात त्या बाजारात, सिंगल्सचे खोके अजून निघतात.

आधी भिंगाबद्दलच बोलतो. ३० पट, ६० पट असं छापलेली स्वस्तातली भिंगं दिसतील, घेऊ नका. एकतर त्यावरचा आकडा बहुतेक वेळा फुगवलेला असतो, आणि खरंच ३० पट असेल तर भिंग रेकॉर्डपासून जेमतेम ८ मिलिमीटरवर धरावं लागतं, म्हणजे हात जरा हलला की गेला ओरखडा. १० पटीला अडीच सेंटीमीटर अंतर मिळतं आणि एका नजरेत दोन-तीन अक्षरं मावतात, बास झालं की. एलईडीचा मात्र या कामाला उपयोग शून्य. काळ्या चकचकीत व्हिनिलवर समोरून उजेड टाकला की नुसती चकाकी दिसते. मी ते बंदच ठेवतो आणि मोबाइलचा टॉर्च रेकॉर्डला जवळजवळ आडवा धरतो, म्हणजे कोरलेल्या अक्षरांची सावली पडते आणि इतका वेळ जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे अख्खी ओळ उमटते. दुकानात असं वाकून बसलं की लोक बघतात, बघू देत.

आता वाचायचं काय. साठीच्या दशकातली ईएमआयची सिंगल असेल तर ६ वाजण्याच्या जागेवर मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या बाजूच्या रेकॉर्डिंगचा कंपनीचा ओळखनंबर असतो, ९ च्या जागेवर एक आकडा आणि ३ च्या जागेवर एक-दोन अक्षरं. आकडा मदरचा, अक्षरं स्टँपरची. म्हणजे असं की लॅकरवर, म्हणजे मऊ लेप दिलेल्या तबकडीवर, गाणं कोरतात, त्यावरून धातूचा मास्टर, मास्टरवरून मदर, मदरवरून स्टँपर, आणि स्टँपरने रेकॉर्ड दाबतात. एक स्टँपर झिजला की दुसरा लावायचा. स्टँपरचे नंबर ईएमआयवाल्यांनी अक्षरांत लपवलेत, जी आर ए एम ओ पी एच एल टी डी, ग्रामोफोन लिमिटेडमधली दहा वेगळी अक्षरं. जी म्हणजे १, आर म्हणजे २, असं करत टी म्हणजे ९ आणि डी म्हणजे ०. ‘आर ओ’ दिसलं तर २५ वा स्टँपर, ‘जी पी’ दिसलं तर १६ वा. हे एकदा डोक्यात बसलं की खोका चाळायला वेगळीच मजा येते, कारण लेबलवर ज्याचा पत्ता नाही ते रेकॉर्ड स्वतः सांगायला लागते. आता यावरून ‘१ जी’, म्हणजे पहिली मदर आणि पहिला स्टँपर, म्हणजे सगळ्यात पहिली निघालेली कॉपी असं छातीठोकपणे सांगणारे विक्रेते भेटतात, त्यांचं फार मनावर घेऊ नका. मोठ्या हिटला एकाच वेळी बऱ्याच प्रेसवर वेगवेगळे स्टँपर चालायचे, आणि दोन बाजूंचे कोडही एकमेकांशी जुळत नाहीत.

आणि नुसतं भिंग पुरत नाही, लेबलही बघावंच लागतं. कडेने ‘यूकेमध्ये ठरलेल्या किमतीलाच विकावी’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर ती कॉपी साधारण १९६४ ते ६९ मधली. गाणं १९६३ चं आणि लेबलवर ही ओळ, मग झालं, ती नंतरची. मधल्या भोकाजवळ कागदावर कधीकधी ‘के टी’ असं दाबून उठवलेलं असतं, तो परचेस टॅक्सचा, म्हणजे तेव्हाच्या विक्रीवरच्या कराचा, कोड. १९७३ ला व्हॅट आला आणि परचेस टॅक्सच गेला, त्यामुळे नंतरच्या कॉपीत तो सापडायचं कारण नाही. टॅक्सच्या शिक्क्यावरून गाण्याचं वय काढायचं, हे आपल्या तलाठ्यालाही आवडेल.

सगळ्यात जास्त भिंग वापरलं ते बीटल्सच्या ‘लव्ह मी डू’ वर. ५ ऑक्टोबर १९६२ ला आलेली, पार्लोफोन आर ४९४९, लाल लेबल. हिच्यात गोम अशी की पहिल्या लाल लेबलवर ड्रम बीटल्सच्याच रिंगो स्टारचे आहेत, आणि १९६३ च्या काळ्या लेबलवर जी आवृत्ती गेली तिच्यात बाहेरून बोलावलेला अँडी व्हाइट ड्रमवर आणि रिंगोच्या हातात टँबोरिन. म्हणजे नुसतं ऐकूनही कळतं, टँबोरिन वाजलं की ती दुसरी. पण १९८२ ला वीस वर्षं झाली म्हणून परत लाल लेबलवरच काढली, ती चौथ्या नंबरपर्यंत गेली, ढिगाने खपली, आणि आज बाजारात ‘ओरिजिनल लाल लेबल’ म्हणून दाखवतात त्यातल्या कितीतरी या १९८२ च्याच. एका विक्रेत्याने मला तर चित्राच्या कव्हरासकट १९६२ ची म्हणून दाखवली. अहो, १९६२ ला साधं कंपनीचं कागदी कव्हर होतं, चित्र कुठून आलं! रनआउटमध्ये ‘७ एक्स सी ई १७१४४-१ एन’ हा मॅट्रिक्स नंबर आहे का तेही बघून घ्या. पन्नास वर्षांनी, २०१२ ला, कंपनीने जुन्यासारखी दिसणारी कॉपी काढली आणि तिच्यावर नेमकी अँडी व्हाइटवाली आवृत्ती गेली, मग माल परत मागवला. एवढ्या मोठ्या कंपनीकडून हे होतं तर कार बूटवाल्याला काय बोलणार. खरी दुर्मिळ हवी असेल तर १९६२ चीच पांढऱ्या लेबलची डेमो, म्हणजे प्रसिद्धीसाठी वाटलेली कॉपी, सुमारे २५० निघाल्या, आणि तिच्यावर मॅकार्टनीच्या स्पेलिंगमधला एक सी गाळलाय. ती मला कधी मिळणार नाही, मनाची तयारी आहे.

लोकांचा घोळ होतो तो इथे, की जुनं म्हणजे महाग आणि प्रसिद्ध म्हणजे महाग. ‘शी लव्हज यू’ ब्रिटनमध्ये दहा लाखांच्या वर खपली, पैशाला पासरी आहे, खरचटलेली कॉपी कोणी फुकटही नेत नाही. उलट सेक्स पिस्टल्सची ‘गॉड सेव्ह द क्वीन’ घ्या. मार्च १९७७ मध्ये ए अँड एम या रेकॉर्ड कंपनीने बँड साइन केला, आठवड्याभरात हाकललाही, आणि तयार झालेल्या सुमारे २५,००० कॉपी बहुतेक सगळ्या नष्ट केल्या. ज्या चुकून वाचल्या त्यांना आज हजारो पाउंड मिळतात. मे महिन्यात व्हर्जिन या दुसऱ्या कंपनीने तीच सिंगल काढली, ती मात्र सहज मिळते. गाणं तेच, फक्त लेबल वेगळं. या ए अँड एमच्या नकलाही भरपूर फिरतात, त्यामुळे रनआउटचा स्पष्ट फोटो दिल्याशिवाय कोणाला पैसे पाठवू नका.

क्वीनची ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पण अशीच. १९७५ ची साधी कॉपी कुठेही मिळेल, पण १९७८ ला ईएमआयला निर्यातीचा पुरस्कार मिळाला तेव्हा निळ्या व्हिनिलवर नंबर घातलेल्या फक्त २०० काढल्या. पाचगणीच्या शाळेत शिकलेल्या पोराचं, फ्रेडी मर्क्युरीचं, गाणं म्हणून आपला जरा जास्त जीव, बाकी परवडायच्या गोष्टी नाहीत.

तक्रारी आहेतच. भिंगाचा बिजागराचा स्क्रू ढिला होतो, दर काही दिवसांनी चष्म्याच्या स्क्रूड्रायव्हरने आवळावा लागतो. सोबत आलेली साखळी पहिल्याच दिवशी काढून टाका, ती लोंबकळत रेकॉर्डवर घासते. सलग खोकाभर बघितलं की डोळा दुखतो. आणि चरे मोजायला हे वापरू नका, १० पटीत प्रत्येक रेकॉर्ड शेतासारखी नांगरलेली दिसते आणि मग काहीच घ्यावंसं वाटत नाही. कंडिशन उघड्या डोळ्यांनी आणि वाजवून बघायची.

जाता जाता एक विचारायचंय. ब्रिटनमध्ये ७८ आरपीएम १९६० च्या सुमाराला संपलं, पण आपल्याकडे चावीचे फोनो अजून वापरात होते त्यामुळे साठीच्या मध्यापर्यंत बीटल्सची गाणीसुद्धा कोलकात्याच्या दमदमच्या कारखान्यात ७८ वर निघत होती, आणि आज इथले लोक त्यासाठी वेडे झालेत. दादर, गिरगाव, पुणे, कोल्हापूर, कुठल्यातरी माळ्यावर नाट्यगीतांच्या गठ्ठ्यात अशी एखादी पार्लोफोन पडलेली असू शकते. सापडली तर लेबलचा आणि रनआउटचा आडव्या उजेडात काढलेला फोटो टाका. फक्त स्पिरिट लावून पुसू नका, ७८ आरपीएमची रेकॉर्ड लाखेपासून बनवलेली असते, अल्कोहोलने विरघळते.