गरी, पाग की रापण: किनाऱ्यावरच्या लहान मासळीसाठी काय निवडावं

मालवण-वेंगुर्ल्याकडे समुद्राजवळ घर असलं, किंवा मे महिन्यात आठवडाभर तिथे मुक्काम असला, की कुणीतरी म्हणतंच, 'विकत कशाला, आपणच धरू या.' मग बाजारात जाऊन तंगूस, म्हणजे गरीची नायलॉनची दोरी, घ्यायची की पाग, यावर घरात दोन तट पडतात. स्वतःच्या होडीशिवाय लहान मासळी मिळवायचे रस्ते खरं तर तीन. गरी म्हणजे गळ, पाग म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, आणि गावाच्या रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याला, हात लावणं. यातलं एक निवडायचं असेल तर दुकानात काय टांगलंय ते बघू नका. संध्याकाळी ताटात काय हवंय ते बघा. कारण तिन्ही वाटांनी येणारा मासा वेगळा, आणि तो शिजवायची रीतही वेगळी.

मुडदुशे हवे असतील तर गरी

गरवायला लागतं काय? तंगुसाची गुंडाळी, शिशाचा लहान गोळा, दोन-तीन बारीक गऱ्या आणि सोललेल्या कोळंबीचे तुकडे. काठीसुद्धा लागत नाही. रिकाम्या बाटलीला तंगूस गुंडाळून हाताने फेकणारे आजही दिसतात. रॉड आणि रीळ घेतलंत तर फेक लांब जाते, पण मुडदुशांसाठी लांब फेकायचं कारणच नाही. हा वाळूतला मासा. लाट फुटते तिच्या अलीकडे वाळूत जो खोलगट पट्टा तयार होतो, तिथे तो किडे टिपत फिरतो आणि चाहूल लागली की वाळूत घुसतो. शहरातून आलेली मंडळी छातीभर पाण्यात उभी राहून त्याच्या डोक्यावरून पलीकडे गरी फेकतात. घोट्याएवढ्या पाण्यात उभे राहा, पुरे.

वेळ मात्र सांभाळावी लागते. पाणी भरायला लागल्यापासून पूर्ण भरतीपर्यंतचा काळ चांगला. भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब मोबाइलपेक्षा सोपा आहे: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला तीनच्या सुमारास पूर्ण भरती, अष्टमीला सहाच्या. वेळ थोडीफार इकडेतिकडे होते, गरीला त्याने काही बिघडत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी असतं, ओढ कमी. नवख्याने तेच दिवस धरावेत. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात शिसं एका जागी ठरत नाही आणि तंगूस वाळूत गुंडाळला जातो.

गरीचा कमीपणा एकच, पण मोठा: किती मिळेल याचा भरवसा नाही. घरात आठ माणसं जेवायला असतील तर गरीवर विसंबू नका. पण मिळतं ते फार चांगलं. मुडदुशात मधला काटा सोडला तर त्रास नसतो, मांस पांढरं आणि हलकं. कोकणात बाळंतिणीला आणि तापातून उठलेल्याला हाच मासा देतात. मसाल्याचा मारा नको. मीठ, हळद, थोडं तिखट, कोकमाचं आगळ, वर तांदळाच्या पिठाचा हात, आणि तव्यावर खोबरेल. याला जाड रवा लावून कडकडीत तळणारे लोक आहेत. त्यांनी मांदेली आणावी.

पाग: शिकायची तयारी असेल तरच

दुकानदार सांगेल, पाग घ्या, एका फेकीत टोपली भरते. भरते, पण फेकणाऱ्याची. पागाच्या कडेला शिशाचे मणी असतात. फेकलेला पाग हवेत परातीसारखा उघडला पाहिजे आणि सगळी कड एकदम पाण्यावर पडली पाहिजे. नाही उघडला तर काठीसारखा पडतो आणि मासे दहा हात लांब. हे आधी अंगणात किंवा कोरड्या वाळूत शिकायचं काम, आणि त्यात आठवड्याची सुट्टी सहज जाते. पहिला पाग लहान घेराचा घ्या. मणी दातात धरून फेकायची पद्धत दिसेल. ते शिसं आहे, तोंडात घालू नका.

पागाला लाटाही चालत नाहीत. फुटत्या पाण्यात तो गुंडाळतो, वाळूने भरतो; खडपावर टाकलात तर फाटून येतो. खाडीचं मुख किंवा शांत पाण्याचा किनारा, ही पागाची जागा. तिथे बोयींचा थवा गुडघाभर पाण्यात वर वर फिरताना दिसतो. सावली पडली की पांगतात, म्हणून सूर्य समोर ठेवून जायचं. बोय गरीला सहसा लागत नाही, कारण ती शेवाळ आणि तळाचा गाळ खाते. म्हणजे बोय हवी असेल तर पागाला पर्याय नाही.

घेताना आस, म्हणजे जाळ्याच्या भोकाचा आकार, बघा. फार बारीक आसाचा पाग पाण्यात हळू बुडतो आणि बोटाएवढी पिल्लं गोळा करतो. राज्य सरकारने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांसाठी धरण्याची किमान लांबी ठरवली आहे. पिल्लं आली तर तिथेच सोडून द्यावीत. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्यात येतो, तिथे आधी विचारून घ्या. आणि पागात हात घालताना घाई नको: शिंगाळ्याचा काटा आणि पाकटाची शेपटी दोन्ही दिवसभर ठणकवतात. फुगणारा केंड आला तर तो विषारी, पाण्यात परत.

खाडीतल्या बोयीला चिखलाचा वास येतो. पोटातला काळा पडदा पूर्ण खरवडून काढायचा, मग मीठ आणि आगळ चोळून पाव तास ठेवून धुवायचं. हे केलं नाही तर वाटण कितीही चांगलं असलं तरी आमटी फुकट जाते.

रापण: मासळी स्वस्त, मेहनत खरी

नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळला की रापणी लागतात. एक दोर किनाऱ्यावर ठेवून होडी अर्धगोलात जाळं सोडत जाते, दुसरा दोर लांबवर किनाऱ्याला आणते, आणि दोन्हीकडून माणसं ओढतात. तास-दीड तास सहज जातो. बाहेरच्या माणसाने हात लावला तर कुणी नको म्हणत नाही, पण विचारून लावावा आणि सुटलेल्या दोराच्या वेटोळ्यात पाय ठेवू नये. जाळं वर आलं की त्यात वाकून मासे उचलायचे नाहीत. त्या माशांवर रापणकरांचे वाटे असतात. देतील ते घ्यावं, बाकी पैसे देऊन घ्यावं. मोठं जाळं टाकून अख्खा थवा घेरणाऱ्या पर्ससीनच्या बोटी आल्यापासून रापणीत पूर्वीसारखं काही येत नाही, अशी किनाऱ्यावरची जुनी तक्रार आहे, त्यामुळे फुकट मासळीची अपेक्षा तर नकोच.

तरीही मला विचाराल तर घरभर माणसं असताना रापणच. बांगडे, तारल्या, पेडवे असे तेलकट मासे इथेच मिळतात, आणि चव तेलकट माशातच आहे. बांगडा करवंट्यांच्या निखाऱ्यावर अख्खा भाजावा, सोबत कच्चा कांदा आणि मीठ-मिरची. पेडव्यांचं तिखलं करावं: मातीच्या भांड्यात पेडवे, लाल मिरचीचं वाटण, ठेचलेली लसूण, आमसुलं, तेल, आणि चेचलेली तिरफळं. खोबरं नाही, पाणी अगदी बेताचं. ढवळायचं नाही, भांडं धरून हलवायचं. दुसऱ्या दिवशी भाकरीबरोबर ते जास्त लागतं.

फक्त रापणीला जाताना बर्फाचा डबा न्या. बांगडा, तारली उन्हात राहिली की त्यांत हिस्टामिन तयार होतं आणि ते शिजवून जात नाही; जेवल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं. मुडदुसा ओल्या फडक्यात तासभर निभावतो, बांगडा नाही.

जून-जुलैत तिन्हींचा विचार सोडा. १ जून ते ३१ जुलै ही बंदी यांत्रिक बोटींसाठी आहे, गरी घेऊन उभ्या राहणाऱ्याला ती लागू नाही. पण त्या दिवसांत लाट माणसाला ओढून नेते. गरवायचंच असेल तर खाडीत आत जा.