पोराची मान तिरकी, दोष मानेचा की डोळ्यांचा?
मान तिरकी दिसली की सगळे मानेलाच दोष देतात, आणि तान्ह्या बाळात बरेचदा असतंही तसंच, एका बाजूचा स्नायू आखडतो, हाताला टणक लागतो, मान वळवायला गेलं की अडते, फिजिओथेरपीने बहुतेकांचं सुटतं. डोळ्यांमुळे असेल तर मान हाताने सहज फिरते, आणि एक डोळा झाकला की डोकं बरेचदा आपोआप सरळ होतं, कारण दोन दोन दिसू नये म्हणूनच ते बिचारं मान कलती करत असतं. ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या खालच्या भागात, बिघाड असेल तर मात्र डोळा झाकूनही मान तशीच राहू शकते, बुबुळं वरखाली उडतात, चालताना तोल जातो, गिळताना ठसका लागतो. असलं काही नव्याने दिसलं तर प्लीज मालिश करत बसू नका, लगेच न्यूरोलॉजिस्टकडे न्या, एमआरआय लागू शकतो.