यूट्यूबबाहेर काही महिने: फ्लेमिंगोंचे लांबलचक व्हिडिओ आणि नव्या साइट

माझ्या पक्ष्यांच्या व्हिडिओंसाठी यूट्यूबखेरीज काही नव्या साइट वापरून बघितल्या. घाईत असलेल्यांसाठी आधी निकाल सांगते. व्हिडिओंसाठीचं पीअरट्यूब आणि ट्विटरसारखं मास्टोडॉन ठेवलेत, तसलंच ब्लूस्काय रोज उघडते, उरलेली खाती बंद केली. यूट्यूब सोडलेलं नाही आणि सोडणारही नाही, कारण माझी मावशी तिथे आहे.

मी नवी मुंबईत सीवूड्सला राहते. भरतीला ठाणे खाडीतला चिखल पाण्याखाली गेला की फ्लेमिंगो डीपीएस तलावाकडे आणि चाणक्यच्या पाणथळीकडे सरकतात. मी तिथे ट्रायपॉड लावते आणि शूट करत राहते. संगीत नाही, निवेदन नाही, 'नमस्कार मित्रांनो'सुद्धा नाही. पाऊण तासाचा असा व्हिडिओ रील्सच्या जमान्यात कुणाच्या पुढ्यात आपोआप येत नाही, यात नवल नाही. मला हवी होती ती शोधून बघणाऱ्यांची जागा.

दुसरं कारण जुनं आहे. आमच्या पिढीचं ऑर्कुट २०१४ मध्ये गेलं, गूगल प्लस २०१९ मध्ये. जून २०२० च्या अखेरीस टिकटॉकवर बंदी आली आणि लोकांचे फॉलोअर एका रात्रीत हवेत विरले. जुलैत छोट्या व्हिडिओंचं मोज आलं, इन्स्टाग्रामचे रील्स आले, सगळे पुन्हा शून्यापासून. मग 'आपलं' म्हणून गाजलेलं, ट्विटरसारखं कू जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. म्हणून नवीन साइट उघडली की मी आधी बाहेर पडायचा दरवाजा शोधते. सामान घेऊन निघता येतं का? रंगरूप, फिल्टर हे सगळं नंतर.

या कसोटीवर पीअरट्यूब सगळ्यात वर. फ्रान्समधल्या फ्रामासॉफ्ट या ना-नफा संस्थेने ते उभं केलं, पहिली पक्की आवृत्ती २०१८ ची. ही एकच एक साइट नाही. कुणीही आपल्या सर्व्हरवर ते बसवावं, आणि असे सर्व्हर आपसात जोडलेले असतात. मला युरोपातल्या एका छोट्या सर्व्हरवर जागा मिळाली. अर्ज करावा लागला, 'काय टाकणार?' असं विचारलं गेलं. पक्षी म्हटल्यावर लगेच होकार आला. जाहिरात नाही, 'पुढचा व्हिडिओ पाच सेकंदांत' नाही. खात्याचा सगळा ऐवज फाइल करून उतरवता येतो आणि दुसऱ्या सर्व्हरवर चढवता येतो, फक्त तिथल्या चालकाने ती सोय सुरू ठेवलेली हवी.

आता दुखणं. एकच व्हिडिओ एका वेळी अनेकजण बघत असतील तर त्यांचे ब्राउझर एकमेकांना व्हिडिओचे तुकडे पुरवतात, म्हणजे सर्व्हरवरचा भार हलका होतो. कल्पना झकास. पण माझा व्हिडिओ एका वेळी बघणार कोण? मी आणि फार तर माझी मैत्रीण! त्यामुळे सगळा डेटा युरोपातून येणार, आणि हार्बर लाइनच्या गर्दीत मोबाइलवर ते गोल चाक फिरतच राहतं. तुकड्यांच्या देवाणघेवाणीत तुमचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा तुमच्या जोडणीचा क्रमांक) दुसऱ्या प्रेक्षकांच्या मशीनला दिसू शकतो आणि तुमचा अपलोड डेटाही खर्च होतो. सेटिंगमध्ये ते बंद करता येतं. मोबाइलवर बघणाऱ्यांनी करावंच. जागेचा कोटा सर्व्हरचा चालक ठरवतो. माझा भरत आला तेव्हा फोर-के सोडून १०८० या कमी रिझोल्यूशनवर आले. खरं सांगायचं तर चिखलात फरक कळत नाही.

शोधासाठी फ्रामासॉफ्टचंच सेपिया सर्च आहे. देवनागरीत 'फ्लेमिंगो' टाकलं की बहुतेक मीच समोर येते. मराठी माणसं इथे अजून आलेली नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

मास्टोडॉन २०१६ पासूनचं, जर्मनीतल्या ऑयगेन रोच्कोने सुरू केलेलं. वरवर ट्विटरसारखं, पण पोस्ट वेळेच्या क्रमाने येतात. ते आणि पीअरट्यूब अ‍ॅक्टिव्हिटीपब हा एकच प्रोटोकॉल, म्हणजे साइटनी आपसात बोलायची भाषा, बोलतात, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट यातूनच निघाली. मास्टोडॉनवरून कुणीही माझं पीअरट्यूब चॅनेल फॉलो करतो, नवा व्हिडिओ त्याच्या टाइमलाइनवर पोस्ट होऊन येतो, आणि त्याने तिथे लिहिलेलं उत्तर माझ्या व्हिडिओखाली कॉमेंट म्हणून उमटतं. वेगळं खातं उघडायची गरजच नाही. एका परदेशी पक्षीवेड्याने असंच विचारलं, यातले छोटे फ्लेमिंगो (लेसर) कुठले, मोठे (ग्रेटर) कुठले? मी सांगितलं, चोच बघा. छोट्याची गडद, लांबून काळीच वाटणारी. मोठ्याची गुलाबी, फक्त टोक काळं. त्यावर दोन दिवस गप्पा चालल्या. यूट्यूबवर त्याच व्हिडिओखाली 'नाइस सर' असं आलं होतं. सर!

सर्व्हर बदलला तर मास्टोडॉनवर फॉलोअर बरोबर येतात, जुन्या पोस्ट मात्र मागेच राहतात. हे आधीच माहीत असलेलं बरं.

ब्लूस्काय फेब्रुवारी २०२४ पर्यंत आमंत्रणावरच होतं, आता सगळ्यांना खुलं आहे. व्हिडिओची सोय सप्टेंबर २०२४ मध्ये आली, तेव्हा मर्यादा एका मिनिटाची होती, मार्च २०२५ मध्ये ती तीन मिनिटांची झाली. माझ्या कामाचं नाही, पण तुकडा टाकून पूर्ण व्हिडिओची लिंक द्यायला उत्तम. फीड आपण निवडायच्या. मी पक्ष्यांची लावली आणि राजकारण आपसूक गायब झालं. मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक बारीक सुख: एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, काना, मात्रा, वेलांटी प्रत्येकी वेगळं अक्षर म्हणून मोजली जाते, त्यामुळे २८० अक्षरं भराभर संपतात. ब्लूस्कायची ३०० आणि मास्टोडॉनची ५०० ही मर्यादा मात्रेसकट अख्ख्या अक्षरावर आहे. 'की' म्हणजे एक.

बाकीच्यांबद्दल फार लिहीत नाही. एका व्हिडिओ साइटवर पहिल्याच पानावर क्रिप्टोची नाणी दाखवली, दुसरीने फोनमधले सगळे संपर्क मागितले. दोन्ही ठिकाणांहून त्याच दिवशी बाहेर.

पैसे? या छोट्या सर्व्हरवर विसरा. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा मिळायला १,००० सदस्य आणि वर्षभरात बघण्याचे ४,००० तास लागतात. मी तिथेही त्या पायरीच्या खालीच आहे, त्यामुळे माझं काही बुडलं नाही. उलट सर्व्हरचालकाला दर महिन्याला थोडी देणगी पाठवते. डिस्क आणि वीज कुणीतरी भरतंच ना.

घरच्यांचं काय, तर नौपाड्याच्या मावशीला पीअरट्यूबची लिंक पाठवली तेव्हा तिचा फोन आला, "अगं, हे टीव्हीवर कसं लावू? यूट्यूबवर टाक, दुपारी लावून भाजी निवडत बसते." म्हणून प्रत्येक व्हिडिओ दोन्हीकडे चढतो. मूळ फाइल घरच्या हार्ड डिस्कवर असतेच.

कुणाला करून बघायचं असेल तर सर्व्हर निवडताना तीन गोष्टी बघा: चालकाची शेवटची सूचना कधीची आहे, खर्च कोण भरतं हे उघड लिहिलंय का, आणि खातं उतरवून घ्यायची सोय सुरू आहे का. माझ्या मैत्रिणीला जागा हवीये. तिच्याकडे येऊरच्या जंगलातले पावसाळी व्हिडिओ आहेत, तेही लांबलचक. माझ्या सर्व्हरवर नवे अर्ज सध्या बंद आहेत, त्यामुळे पुढच्या आठवड्यात आम्ही दोघी तिच्यासाठी दुसरा शोधतोय.